धुरंधरांची कोळीण

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी नववीच्या वर्गात तास संपण्यास दहा-पंधरा मिनिटे उरली असता मी मुलांस एक छापील चित्र दाखविले. चित्रकार रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर आणि चित्राचा विषय मुंबईची कोळीण. कास मारून घट्ट नेसलेले लुगडे, ताठ मान आणि पाहणाराच्या नजरेस नजर भिडविण्याची तयारी, एवढे त्या चित्रात एका दृष्टिक्षेपात ध्यानी येते. मुले हसली. हसण्याचे कारण मी विचारले नाही, कारण ते मला ठाऊक होते. ज्या वेषात आपली आजी बाजारास जाते तो वेष पुस्तकात शोभत नाही, अशी एक समजूत हल्ली मुलांच्या मनात घर करून राहिली आहे. मागील बाकावरील सातपाटीची एक मुलगी मात्र हसली नाही. तास संपल्यावर तिने ते चित्र एका दिवसाकरिता घरी नेण्याची परवानगी मागितली.

दुसऱ्या दिवशी चित्र परत आले, आणि त्याबरोबर एक प्रश्नही आला. आजीने चश्मा लावून ते बराच वेळ निरखले, लुगडे बरे नेसली आहे असा शेरा दिला, आणि विचारले, "हिचं नाव काय गं?" मुलीने चित्राखालची ओळ वाचून दाखविली. तीत नाव नव्हते. मुंबईची मासळीवाली, एवढेच होते. "ते मला दिसतंय," आजी म्हणाली, "पण हिचं नाव काय?"

या प्रश्नाचे उत्तर मजपाशी नव्हते आणि आजही नाही. परंतु ते का नाही, याचा विचार करू लागलो तेव्हा चित्रकलेविषयी व आपल्या या किनाऱ्यावरील स्त्रियांच्या वेषाविषयी बरेच काही हाती लागले. ते विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

धुरंधरांचा जन्म कोल्हापुरात १८ मार्च १८६७ रोजी, पाठारे प्रभू कुटुंबात झाला. १८९० साली ते मुंबईस सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाले. त्या वेळी शाळेचे प्रमुख जॉन ग्रिफिथ्स हे होते. याच गृहस्थांनी १८७२ पासून पुढे अनेक वर्षे आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करवून घेतल्या होत्या. समोर जे दिसते ते प्रमाणबद्ध, छायाप्रकाशासह कागदावर उतरविणे ही तेथील शिस्त, आणि तीत धुरंधर इतके तरबेज झाले की १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांस मिळाले. पुढे त्याच शाळेत ते शिक्षक झाले व १९३१ साली निवृत्त झाले. आपल्या आत्मवृत्तास त्यांनी 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' असे नाव दिले, ते याच हिशेबाने. ते पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले, आणि १ जून १९४४ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांची कन्या अंबिका याही चित्रकार होत्या.

पौराणिक प्रसंग, छत्रपतींच्या जीवनातील प्रसंग, दरबारी समारंभ अशी मोठमोठी चित्रे त्यांनी पुष्कळ काढली, आणि त्यांबद्दल त्यांचा गौरवही झाला. परंतु माझे मत विचाराल तर धुरंधर खरे भेटतात ते लहान चित्रांत. त्यांस जेथे जातील तेथे पेन्सिलीने टिपणे काढण्याची व त्यांवर तारीख घालण्याची सवय होती. पाणी भरणारी, बाजारास निघालेली, मूल कडेवर घेतलेली स्त्री एका क्षणात त्यांच्या कागदावर उतरे. राजाराणीचा थाट कल्पनेने रंगविता येतो, पण भार वाहणाऱ्या स्त्रीची चाल कल्पनेने काढावयास जाल तर ती लंगडी उतरते. ती पाहूनच काढावी लागते.

आता नऊवारी लुगडे काढणे किती कठीण आहे, हे ज्यांनी प्रयत्न केला आहे त्यांसच ठाऊक. नऊ वार म्हणजे सुमारे आठ मीटर कापड, त्यास शिलाई नाही, गुंडी नाही, दोरी नाही. ते कमरेभोवती गाठीने अडकते, निऱ्या पायांमधून मागे जाऊन खोचल्या जातात, आणि उरलेला पदर छातीवरून खांद्यावर चढतो. चित्रकारास हे कापड कोठून निघाले व कोठे गेले ते उमगले नाही, तर चित्रातील लुगडे हे अंगावर गुंडाळलेली चादर दिसते. धुरंधरांच्या चित्रात निरी कोठे वळली, ओढ कोठे पडली, कापड कोठे सैल आहे व खालील गुडघा कोठे आहे, हे बोटाने दाखविता येते. जलरंगाची तऱ्हा अशी आहे की एकदा पसरलेला रंग सहसा मागे घेता येत नाही आणि उजेडाच्या जागी कागदाचा मूळ पांढरेपणाच राखून ठेवावा लागतो. अशा माध्यमात घडीवर घडी पडलेले कापड रंगविताना हात क्षणभरही अडखळून चालत नाही.

परंतु या सर्व घड्या आहेत कशासाठी? येथे मला चित्रकारापेक्षा त्या आजीचाच अधिक उपयोग झाला. लुगडे हा केवळ पेहराव नव्हे, ते कामाचे हत्यार आहे असे तिच्या बोलण्यावरून दिसले. सातपाटीस किंवा तारापूरच्या किनाऱ्यावर होडी लागते तेव्हा बायका मासळी उतरवून घेण्यास गुडघाभर पाण्यात जातात. पायघोळ वस्त्र असेल तर ते भिजून पायांस चिकटते, वाळू धरून ठेवते आणि चालणे मुष्किलीचे करते. म्हणून कोळणीची व मांगेलीणीची नेसण गुडघ्याशी आवळलेली असते. पदर कमरेभोवती करकचून आवळला की पाटी उचलताना कंबरेस आधार मिळतो, हा आजीचा स्वतःचा अनुभव. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीतून गळणारे खारे पाणी. मान ताठ ठेविली नाही तर ते पाणी डोळ्यांत जाते! म्हणजे चित्रातील ज्या ताठ मानेस आपण रुबाब म्हणतो, तिचा अर्धा भाग तरी या पाण्याने शिकविलेला आहे.

किनारा सोडून पालघरकडे यावे तो भातशेती लागते. आवण लावणारी बाई दिवसभर कमरेतून वाकून चिखलात उभी असते. तिच्या वस्त्राचे एकही टोक लोंबत राहून चालत नाही, म्हणून ती पदर बांधून टाकते आणि डोक्यापाठीवर इरले घेते. आणखी पूर्वेस डोंगराकडे गेले म्हणजे वारली स्त्रीचे लुगडे आखूड होते. त्याचे एक कारण दारिद्र्य हे आहे, ते लपविण्यात अर्थ नाही. परंतु मोळी घेऊन करवंदीच्या जाळीतून चालणारीस लांब वस्त्र काट्यास अडकते हेही तितकेच खरे. केळवे-माहीमकडील पानमळ्यांत राबणाऱ्या वाडवळ स्त्रीची नेसण निराळी, वसईकडील कुपारी ख्रिस्ती आजीबाईंचे तांबडे लुगडे निराळे. दहा कोसांच्या अंतरात वस्त्राची इतकी रूपे दिसतात, आणि प्रत्येकामागे एक जमीन, एक पाणी व एक काम उभे आहे.

याखेरीज डोळ्यांस दिसते पण उमगत नाही असेही काही असते. सोनकोळी स्त्रियांत अशी जुनी चाल सांगतात की लग्न झालेली स्त्री काचेच्या बांगड्या डाव्याच हातात भरी. उजव्या हाताच्या बांगड्या विवाहसमयी समुद्रास अर्पण केल्या जात, त्या यासाठी की समुद्राने तिच्या धन्यास सुखरूप परत पाठवावे. उद्या एखाद्या चित्रात उजवा हात मोकळा दिसला तर अनभिज्ञ मनुष्य म्हणेल की चित्रकार बांगड्या काढण्यास विसरला. ज्या घरातील पुरुष पहाटे होडी घेऊन गेला आहे त्या घरातील स्त्रीस मात्र त्या मोकळ्या हाताकडे पाहून निराळेच काही वाटेल.

आता त्या नावाच्या प्रश्नाकडे वळू. धुरंधरांची ही चित्रे कोणासाठी निघाली, हे पाहिल्यावाचून त्याचा उलगडा होत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी चित्रमय पोस्टकार्डांची मोठी चाल निघाली होती, आणि मुंबईतील नाना जातींच्या, नाना धंद्यांच्या माणसांची धुरंधरांनी काढलेली चित्रे अशा कार्डांवर छापून विकली जात. मुंबईचे पोलीस कमिशनर एस. एम. एडवर्ड्स यांनी शहराच्या गल्लीबोळांवर लिहिलेल्या पुस्तकाची आवृत्ती १९१२ साली निघाली, तीत धुरंधरांची चित्रे होती. १९१४ साली निघालेल्या किंकेड साहेबांच्या पुस्तकासही, ज्यात आपल्या व्रतांच्या कहाण्या इंग्रजीत सांगितल्या आहेत, त्यांचीच चित्रे होती. पुढे १९२० च्या सुमारास ऑटो रॉथफेल्ड या सनदी अधिकाऱ्याने हिंदुस्थानातील स्त्रियांवर एक ग्रंथ लिहिला. त्यासाठी धुरंधरांनी ४८ रंगीत चित्रे काढली. नाना प्रांतांतील, नाना जातींच्या, उच्चपदस्थ व कष्टकरी अशा स्त्रिया त्यात ओळीने उभ्या आहेत. प्रत्येकीच्या खाली जात, प्रांत किंवा धंदा लिहिलेला आहे. नाव नाही.

याचे कारण धुरंधरांच्या मनाचा कठोरपणा नव्हे. ती त्या काळची रीतच होती. सरकारास प्रजेची मोजदाद व वर्गवारी हवी होती. १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात आपल्या भागातील एकेका जातीचे अन्न, वस्त्र, दागिने, घरे व चालीरीती क्रमाने नोंदविल्या आहेत. पालघर तेव्हा माहीम तालुक्यात मोडत असे. ती माहिती आज आम्हांस अत्यंत उपयोगी पडते, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. परंतु अशा वहीत माणूस हा नमुना म्हणून शिरतो. फुलपाखरांच्या पेटीत प्रत्येक फुलपाखराखाली जातीचे नाव असते, एकट्या फुलपाखराचे नसते, तसाच हा प्रकार. विलायतेत किंवा मुंबईच्या बंगल्यात ते पुस्तक चाळणाऱ्यास कोळीण पाहावयाची होती. तिचे नाव काय, तिला मुले किती, आज बाजारात पापलेटास काय भाव मिळाला, याच्याशी त्यास कर्तव्य नव्हते.

आणखी एक दोष मला दिसतो, तो सांगतो. पोस्टकार्डांवरील काही चित्रांत कामकरी स्त्रीस जो थोडा नखरा दिलेला आहे, तो गिऱ्हाइकाच्या आवडीकडे पाहून दिलेला आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. ज्या हाताने लुगड्याची एकही निरी खोटी काढली नाही, त्याच हाताने चेहऱ्यावरचे हसू मात्र कधी कधी उसने आणले. वस्त्राबाबत चित्रकाराची साक्ष मी डोळे झाकून मानीन. मुद्रेबाबत मानण्यापूर्वी दोनदा विचार करीन.

चित्रकाराचे गिऱ्हाईक निराळे असते तर चित्रही निराळे झाले असते काय? याचे एक उदाहरण दूरदेशचे आहे. युरोपात एड्रियाटिक समुद्राच्या काठी क्रोएशिया नावाचा देश आहे. तेथील माक्सिमिलियन वांका हा चित्रकार १८८९ साली जन्मला. तो उमराव घराण्यातील, परंतु विवाहबाह्य जन्मामुळे त्यास एका शेतकरी बाईच्या स्वाधीन करण्यात आले, आणि बालपणाची पहिली वर्षे तो तिच्याच झोपडीत, तिच्याच मायेवर वाढला. तिचे नाव दोरा होते. पुढे तो मोठा चित्रकार झाला व १९३४ साली अमेरिकेस गेला. तेथे पिट्सबर्ग शहराजवळ मिलवेल या गावी पोटासाठी येऊन पोलादाच्या कारखान्यांत राबणाऱ्या क्रोएशियन मजुरांचे सेंट निकोलस नावाचे देऊळ आहे. त्याच्या भिंती रंगविण्याचे काम १९३७ साली वांकास मिळाले, आणि १९४१ साली त्याने आणखी चित्रे काढली.

त्या भिंतींवर येशूची माता मरिया राणीच्या वेषात नाही. ती क्रोएशियन शेतकरीण आहे, आणि तिचे हात नांगरटीच्या, धुण्याभांड्यांच्या कामाने रापलेल्या स्त्रीचे आहेत. दुसऱ्या एका चित्रात गावाकडील पांढऱ्या वेषातील बाया लढाईत पडलेल्या मुलाच्या पेटीभोवती शोक करीत आहेत, आणि त्याच्या जोडीच्या चित्रात परदेशी आलेल्या माता, कारखान्यांच्या व खाणींच्या या मुलखात आपला मुलगा कामावर मेला म्हणून रडत आहेत. येथेही कोणा बाईचे नाव लिहिलेले नाही. परंतु फरक असा की चित्रातील बाई व चित्र पाहणारी बाई येथे एकच आहे. दर रविवारी त्या बाकांवर बसणाऱ्या आयांस भिंतीवर आपलीच वस्त्रे, आपलेच हात व आपलेच दुःख दिसे. त्यांस नाव विचारण्याचे कारण पडत नसे, कारण प्रत्येकजण तेथे आपले नाव मनातल्या मनात लिहीत असे.

इतक्या दूर न जाताही एक उदाहरण आहे, आणि ते तर आपल्या दाराशीच आहे. वारली घरात लग्न निघाले म्हणजे गेरूने सारविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. हे काम पूर्वापार सुवासिनींचे, आणि त्या वेळी धवलेरी गाणी म्हणते. चौकात पालघाट देवी बसते, भोवती शेत, झाडे, नाचणारी माणसे येतात. दोन त्रिकोण टोकाशी जोडले की मनुष्याचे धड झाले, वर वाटोळे डोके, आणि डोक्यामागे अंबाड्याचा लहानसा ठिपका काढला की ती स्त्री झाली. लुगडे नाही, काठ नाही, दागिना नाही. मी प्रथम याचे नवल केले. मग ध्यानात आले की वेष हा परक्यास ओळख पटावी म्हणून चितारावा लागतो. स्वतःच्या घरच्या भिंतीवर आपण कोण हे आपणास सांगावे लागत नाही. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० नंतरच्या काळात ही कला भिंतीवरून कागदावर आणली, तिला देशोदेशी मान मिळवून दिला, आणि २०११ साली त्यांस पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. त्यांच्या नावाचा आम्हांस अभिमान आहे. पण त्यांच्या आधी पिढ्यानपिढ्या ज्या स्त्रियांनी चौक लिहिले, त्यांची नावे विचारावयास गेलो तर पुन्हा तोच आजीचा प्रश्न समोर येऊन उभा राहतो.

धुरंधरांच्या चित्रांवर एवढी टीका करूनही मी ती वर्गात पुन्हा दाखवीन. १९६९ साली तारापूरचे अणुवीजकेंद्र सुरू झाले, त्यानंतर बोईसरभोवती कारखाने उठले, आणि सकाळच्या पाळीस निघालेल्या मुली सलवार-कमीज घालून गाडीतून उतरतात. त्यात वाईट काही नाही. यंत्राजवळ लोंबता पदर हा धोकाच, आणि सहावारी किंवा शिवलेले वस्त्र स्वस्त पडते व लवकर वाळते. जी जमीन, जे पाणी व जे काम लुगड्यास आकार देत होते ते पालटले, तेव्हा लुगडेही पालटणारच. परंतु नऊवारी रोज नेसणाऱ्या आजीबाई आता घरोघरी सापडत नाहीत, आणि ती नेसण शब्दांनी लिहून ठेवता येत नाही, याचा प्रत्यय वर काही ओळी लिहिताना मला आलाच आहे. अशा वेळी शंभर वर्षांपूर्वी एका डोळस माणसाने प्रत्येक निरी जागच्या जागी काढून ठेविली आहे, हे आमचे मोठे भाग्य. मुंबईस २०१८ साली राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले होते. साताऱ्याकडे जाण्याचा योग आला तर औंध येथील श्रीभवानी वस्तुसंग्रहालयातही त्यांचे काम पाहावयास मिळते. पालकांनी मुलांस अवश्य न्यावे, आणि शक्य तर आजीसही न्यावे, कारण चित्रातील चुका तिच्याइतक्या लवकर दुसऱ्या कोणास सापडणार नाहीत.

दिवाळीच्या सुटीत मी वर्गास एक काम दिले. घरातील वडीलधाऱ्या स्त्रीचे, ती जे काम करते ते करीत असता चित्र काढावयाचे, आणि खाली तिचे पूर्ण नाव लिहावयाचे. एकतीस चित्रे आली. तीन मुलांस आजीचे माहेरचे नाव या निमित्ताने प्रथम कळले. सातपाटीच्या त्या मुलीने आजीस पाटीसह काढले होते, आणि खाली नाव इतक्या मोठ्या अक्षरांत लिहिले होते की पाय काढावयास जागा उरली नाही. ते नाव मी येथे छापीत नाही, कारण आजीची परवानगी घ्यावयाची राहिली आहे. चित्र पाहून आजी काय म्हणाली, असे मी मुलीस विचारले. ती म्हणाली, "नाव वाचून हसली, सर. मग म्हणाली, पाटी डावीकडे कलली आहे, सगळी मासळी सांडेल."